यरीहो, पिलात आणि रिकामी कबर: कोणत्या सिद्धांताचा भार कोणत्या इतिहासावर?

प्रश्न विचारणारा तरुण जालना जिल्ह्यातला आहे. छत्रपती संभाजीनगरला इतिहासात एम.ए. करतो आणि गावी आला की मंडळीत संडे स्कूल घेतो. यरीहो नगराच्या उत्खननात, शास्त्राप्रमाणे यहोशवाच्या काळात पडलेली भिंत सापडली नाही, इस्राएल लोक मिसरातून (इजिप्तमधून) निघाल्याची मिसरी नोंद नाही, येशूच्या जन्मवेळी लूकने सांगितलेल्या नावनिशीचं, म्हणजे जनगणनेचं, साल जुळत नाही, हे सगळं त्याच्या वाचनात आलं. घरी आजोबा म्हणतात, "एक गोष्ट खोटी धरली की सगळंच गेलं." होस्टेलवरचा मित्र म्हणतो, "इतिहास नाही तर पुराण आहे, सोडून दे." तो पत्रात विचारतो: इतिहास डळमळला तर सिद्धांत, म्हणजे मंडळीची शिकवण, उरतो का? आणि संडे स्कूलमध्ये मुलांना हे कसं शिकवायचं?

मी या भागात पाळकांना आणि सुवार्तिकांना पवित्र शास्त्राचा इतिहास शिकवत आलो आहे. हा प्रश्न नवा नाही, पण बहुतेक जण तो वर्ग सुटल्यावर, चपला घालता घालता, हळू आवाजात विचारतात. तू उघड विचारलास, तर उत्तरही उघड देतो. जरा लांबेल.

आजोबा आणि तुझा मित्र एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असं तुला वाटतं, पण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे: पवित्र शास्त्रातली प्रत्येक घटना सारख्याच वजनाची, आणि त्यातली एक जरी निसटली तरी वरचं सगळं खाली येणार. आजोबा म्हणून एकही निसटू देत नाहीत, आणि मित्राला एक निसटलेली पुरते. मला हे गृहीतच मान्य नाही. काही सिद्धांत एखाद्या घटनेवर पूर्ण भार टाकून उभे आहेत. काहींचा भार अगदी थोडा आहे. आणि काही घटनांवर कुठलाच सिद्धांत उभा नाही. कोणावर किती भार आहे हे न बघता भांडायला बसलो तर यरीहोच्या भिंतीसाठी जीव द्यायचा आणि रिकाम्या कबरीबद्दल मात्र गुळमुळीत बोलायचं, असं होतं. आपल्याकडच्या उपदेशांत हे मी पुष्कळ ऐकलंय.

भार कुठे आहे हे मंडळीने स्वतःच फार पूर्वी सांगून ठेवलंय. दर रविवारी आपण प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची थोडक्यात कबुली, म्हणतो. त्यात मनुष्यांची नावं किती येतात, कधी पाहिलंस? येशू सोडला तर दोनच: मरिया आणि पंतय पिलात. नोहा, मोशे, यहोशवा, दावीद यांपैकी कोणीच नाही. पेत्र आणि पौलही नाहीत. पण एक मध्यम दर्जाचा रोमी अधिकारी आहे, तोही ज्याच्या हुकुमाने प्रभूला खिळलं गेलं तो. माणसाच्या तारणाच्या वाक्यात असा माणूस कशाला हवा?

तो हवा, कारण सुरुवातीच्या मंडळीत काही शिक्षक सांगत होते की ख्रिस्ताचं शरीर नुसता आभास होता, देव काही खरोखर दुःख सोसत नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाती याला शिक्षेसाठी पहाऱ्यात रोमला नेत होते. वाटेत त्याने स्मुर्ण्याच्या मंडळीला पत्र लिहिलं, आणि ख्रिस्त खरोखर जन्मला, पंतय पिलाताच्या काळात खरोखर खिळला गेला, हे त्यात पुन्हा पुन्हा बजावलं. 'खरोखर'वर त्याचा एवढा जोर कशासाठी? अमुक सुभेदार असताना, अमुक प्रांतात हे घडलं, असं एकदा म्हटलं की गोष्ट आभास राहत नाही. तिला तारीख लागते. आणि तारीख लागली की ती तपासताही येते. ही जोखीम मंडळीने जाणूनबुजून पत्करली.

तपासल्यावर काय हाती लागतं? १९६१ साली कैसरीयाच्या रोमी नाट्यगृहात, पायरी म्हणून पुन्हा वापरलेला एक दगड निघाला. त्यावर तिबिर्य सम्राटाचं आणि पिलाताचं नाव आहे. पिलाताचा कारभार इ.स. २६ ते ३६. रोमी इतिहासकार टॅसिटस याने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं की तिबिर्याच्या राजवटीत पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांची घृणा होती, त्याने आपल्या बाजूने काही घालण्याचा प्रश्नच नाही. यहूदी इतिहासकार जोसिफस 'ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब' याला दगडमार झाल्याचं सांगतो. जोसिफसचाच येशूविषयीचा दुसरा, मोठा उतारा आहे, त्यात मात्र नंतरच्या ख्रिस्ती हातांनी भर घातलेली दिसते. तो संडे स्कूलमध्ये पुरावा म्हणून वाचू नकोस, कोणीही जाणकार तुला तिथेच धरेल. येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि पिलाताच्या हुकुमाने वधस्तंभावर मेला, याबद्दल आज जवळपास कोणताही गंभीर इतिहासकार, मग तो नास्तिक का असेना, शंका घेत नाही.

पण इथेच थांबून नीट बघ. कैसरीयाच्या दगडावरून पिलात होता एवढंच कळतं. तुझं-माझं पाप त्या मरणाने झाकलं गेलं, हे कुठल्याही दगडावरून कळणार नाही.

आपल्या भागातलंच उदाहरण देतो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. तुझ्या विभागात कागदपत्रं काढून हे तू दाखवून देशील. पण १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो ते निव्वळ लष्करी कारवाई संपली म्हणून नाही. रझाकारांच्या धाकात जी माणसं जगली त्यांनी त्या चार-पाच दिवसांत मुक्ती पाहिली, आणि आपण त्यांच्या डोळ्यांनी तो दिवस पाहतो. मराठवाड्यातच असेही मोहल्ले आहेत जिथे तीच घटना 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणून वेगळ्या दुःखाने आठवली जाते. घटना एक, अर्थ दोन. यातला अर्थ कागदावरून सिद्ध करता येत नाही, पण म्हणून तो हवेतून आलेलाही नसतो. आणि निजाम शरण आलाच नसता, तर मुक्ती मानणाऱ्यांकडे मानायला काही उरलं नसतं.

सिद्धांताचं असंच आहे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की शास्त्रानुसार ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला. 'मरण पावला' ही घटना, 'आपल्या पापांसाठी' हा अर्थ. इतिहासकाराला पहिला भाग विचार. दुसरा भाग त्याला विचारशील तर तो हात वर करील, आणि ते बरोबरच आहे.

आता पुनरुत्थान. सगळ्यात जास्त भार इथे आहे, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो.

पौल करिंथमध्ये असताना यहूद्यांनी त्याला गल्लियो सुभेदारापुढे उभं केलं, असं प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात आहे. ग्रीसमध्ये डेल्फी इथे क्लौद्य सम्राटाच्या पत्राचा शिलालेख तुकड्यांत सापडला, त्यात गल्लियोचं नाव आहे. त्यावरून गल्लियोची नेमणूक इ.स. ५१-५२ च्या सुमाराची ठरते. पौलाच्या आयुष्यातली ही एक पक्की तारीख, तिच्यावरून पुढच्या-मागच्या तारखा मोजता येतात. करिंथकरांस पहिलं पत्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीस वर्षांच्या आत लिहिलं गेलं. त्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल म्हणतो की जे मला मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत, मग याकोबाला. ही रचना पौलाची नाही, पाठ करून पुढे द्यायच्या सूत्राची आहे. त्याला ती कोणाकडून मिळाली? गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की ख्रिस्ताकडे वळल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमेला गेला, केफाजवळ पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. यादीतली दोन नावं तीच आहेत. हे सूत्र तिथेच मिळालं असेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण ते फार लवकरचं आहे, याबद्दल टीकाकार अभ्यासकांतही बरंच एकमत आहे.

म्हणजे इतिहास इथपर्यंत आणून सोडतो: आम्ही त्याला जिवंत पाहिलं असं म्हणणारी माणसं अगदी सुरुवातीपासून होती, त्यांची नावं माहीत होती, आणि जाऊन त्यांना विचारता येत होतं. त्यांनी पाहिलं ते काय, यावर इतिहासाची साधनं चालत नाहीत. कोणी म्हणेल भास, कोणी म्हणेल पुनरुत्थान. देव मेलेल्याला उठवू शकतो की नाही, याबद्दल तू आधीपासून काय मानतोस त्यावर तुझं उत्तर ठरेल.

पण म्हणून 'येशू आपल्या हृदयात जिवंत आहे, कबर रिकामी होती की नव्हती याने काय फरक पडतो' असं म्हणून सुटका करून घेऊ नकोस. पौल ती वाट ठेवत नाही. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ, असं तो त्याच अध्यायात स्वच्छ लिहितो. उद्या खरोखर येशूची हाडं सापडली आणि ती त्याचीच असल्याचं कसंतरी सिद्ध झालं, तर मी उपदेश थांबवीन. हे मी वर्गात बोलतो तेव्हा काही पाळक बंधूंना रुचत नाही. पण मतांगीकारात पिलाताचं नाव घेणाऱ्या मंडळीने हे आधीच कबूल केलेलं आहे.

एक छोटी बाजूची गोष्ट, तुझ्या वर्गातल्या मुलांसाठी. पौलाच्याच शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं समुद्रमार्गाचं वर्णन लिहिलं. त्यात आपलं पैठण आहे आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेरही आहे, तगर या जुन्या नावाने. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड भडोच बंदरात जाई, तिथून पुढे रोमी जगात. पोरांना वाटतं पवित्र शास्त्रातलं जग ढगांत कुठेतरी होतं. त्यांना सांग की पौल तंबू शिवत होता तेव्हा गोदाकाठचा माल त्याच साम्राज्याच्या बाजारात विकला जात होता.

जुन्या कराराकडे येऊ. तिथे सगळा काळ एका मापाने मोजता येत नाही. इस्राएलचा राजा अहाब याच्यापासून पुढे, म्हणजे इ.स.पू. नवव्या शतकापासून, शेजाऱ्यांच्या नोंदी आपल्याला भेटू लागतात. अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसराच्या शिलालेखात इ.स.पू. ८५३ च्या लढाईत इस्राएलचा अहाब रथांसह उभा आहे. त्याच राजाच्या काळ्या स्तंभावर इस्राएलचा नंतरचा राजा येहू खंडणी देताना कोरलेला आहे. मवाबचा राजा मेशा याच्या शिळेत अहाबाचा बाप अम्री याचं नाव आहे. १९९३ मध्ये तेल दान इथे मिळालेल्या अरामी शिलालेखात 'दावीदाचं घराणं' असा उल्लेख आहे. त्यावरून दावीद होता एवढं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचं राज्य केवढं होतं यावर वाद चालू आहे आणि चालू राहील.

यातली एक घटना मात्र मी दर वेळी सविस्तर शिकवतो, कारण इतिहास आणि सिद्धांत यांचं नातं मला तिच्यातच सगळ्यात स्पष्ट दिसतं.

इ.स.पू. ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यावर, चालून आला. दुसरे राजे, अध्याय १८ आणि १९ मध्ये ही हकिकत आहे. सन्हेरीबाने स्वतःही मातीच्या प्रिझमवर ती लिहून ठेवली आहे. दोन्ही समोरासमोर ठेव. सन्हेरीब म्हणतो, मी ४६ तटबंदीची शहरं घेतली, यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा यरुशलेमेत कोंडला, ३० किक्कार (हे तेव्हाचं वजनाचं माप) सोनं आणि ८०० किक्कार चांदी वसूल केली. शास्त्रात सोनं ३० किक्कारच आहे, चांदी ३००. लाखीश या यहूदातल्या शहराचा वेढा सन्हेरीबाने निनवेच्या राजवाड्याच्या भिंतीवर भलामोठा कोरून घेतला, शास्त्रात लाखीशचा उल्लेख जाता जाता येतो. आणि एवढ्या बढाईखोर राजाच्या नोंदीत यरुशलेम घेतल्याचं कुठेही नाही. ते त्याने घेतलं नाही. का घेतलं नाही, तर शास्त्र म्हणतं परमेश्वराच्या दूताने छावणी मारली, सन्हेरीब त्याबद्दल गप्प आहे.

इथपर्यंत पुष्कळ उपदेशक येतात, "बघा, पुरावा!" म्हणतात आणि थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे.

यरुशलेम वाचलं, आणि त्या वाचण्यातून लोकांच्या मनात एक सिद्धांत घट्ट झाला: हे परमेश्वराचं नगर आहे, इथे त्याचं मंदिर आहे, हे कधीच पडणार नाही. स्तोत्र ४६ आणि ४८ वाचलीस तर हा विश्वास किती सुंदर होता ते कळेल. त्याला आधार होता, इतिहासाचाच आधार होता. मग सुमारे नव्वद वर्षांनी यिर्मया संदेष्टा मंदिराच्या दारात उभा राहून म्हणाला, 'परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर' या फसव्या शब्दांवर भरवसा ठेवू नका. आणि त्याने लोकांना काय सांगितलं? शिलोला जा आणि मी त्याचं काय केलं ते पाहा. शिलो म्हणजे शमुवेलाच्या काळचं पवित्र स्थान. यिर्मयाच्या वेळी तिथे अवशेष होते, आणि आजच्या उत्खननात तिथे इ.स.पू. अकराव्या शतकातल्या जळिताचा थर मिळाला आहे. तू इतिहासाचा विद्यार्थी आहेस, याची मजा तुला कळेल: संदेष्टा लोकांचा सिद्धांत दुरुस्त करण्यासाठी त्यांना पडक्या जागेच्या पाहणीला पाठवतोय.

लोक त्याला मारायला उठले. अध्याय २६ मध्ये त्याचा जीव वाचतो तोही इतिहासामुळेच. काही वडीलधारे उभे राहून म्हणतात, हिज्कीयाच्या काळात मीखा संदेष्ट्याने असंच म्हटलं होतं की सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल, हिज्कीयाने त्याला मारलं नाही, परमेश्वराची विनवणी केली. म्हणजे ७०१ च्या सुटकेचा लोकांनी काढलेला अर्थ अर्धवट होता. नगर पडूच शकत नाही म्हणून ते वाचलं नव्हतं. राजा नमला म्हणून वाचलं होतं. पुढे इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने नगर आणि मंदिर दोन्ही जाळलं. जुना सिद्धांत त्या आगीत गेला. पण विश्वास गेला नाही. विलापगीत लिहिलं गेलं, बंदिवासात देवाविषयी नवं बोलणं सुरू झालं, आणि मंदिराशिवायही परमेश्वर आपल्या लोकांत असतो हे त्यांना कळलं.

वधस्तंभाचंही तसंच झालं. खांबावर टांगलेला शापित, असं शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकात लिहिलेलं आहे. मशीहा जिंकणारा असणार, रोमी लोकांच्या हातून मरणारा नाही, हीच बहुतेकांची समजूत होती. घडलं ते त्या समजुतीला मोडून. मग पौलाला गलतीकरांच्या पत्रात लिहावं लागलं की तो आपल्यासाठी शाप झाला. प्रायश्चित्ताचा सिद्धांत कोणी बसून आधी रचला आणि मग त्याला साजेशी घटना शोधली, असं झालेलं नाही. घटना अंगावर आली, तिने जुन्या कल्पना मोडल्या, आणि मोडलेल्या जागी सिद्धांत उगवला. आजोबांना मी नम्रपणे एवढंच म्हणेन, की घडलेल्या गोष्टीने आपली समजूत दुरुस्त होणं ही शास्त्राबाहेरून आलेली आपत्ती नाही. शास्त्र स्वतः तेच करत आलंय.

आता यरीहो. जॉन गार्स्टँगने १९३० च्या दशकात तिथे खणलं आणि पडलेली भिंत यहोशवाच्या काळातली ठरवली. १९५२ ते ५८ मध्ये कॅथलीन केन्यन यांनी अधिक काटेकोर पद्धतीने पुन्हा खणलं आणि दाखवलं की ती भिंत त्याच्या हजारेक वर्षं आधीची आहे. मधल्या कांस्ययुगातलं मोठं शहर इ.स.पू. १५५० च्या सुमाराला नष्ट झालं होतं. यहोशवाचा काळ इ.स.पू. १४०० धर नाहीतर १२०० धर, त्या वेळची तटबंदी तिथे मिळत नाही. काही जण केन्यन यांच्या कालमापनावर आक्षेप घेतात, पण बहुसंख्य अभ्यासक त्यांच्या बाजूचे आहेत. मुलांना शिकवताना हे लपवायची गरज नाही. यरीहोच्या भिंतीवर कुठला सिद्धांत उभा आहे? इब्री लोकांस पत्रात विश्वासाचं उदाहरण म्हणून ती एका वचनात येते. मतांगीकाराच्या जवळपासही ती नाही.

निर्गमाचं, म्हणजे इस्राएल लोक मिसरातून सुटल्याचं, तसं नाही. 'ज्याने तुला दास्यगृहातून काढले तो मी परमेश्वर' हे दहा आज्ञांचं पहिलं वाक्य, वल्हांडण हा सुटकेचा सण त्यावर, आणि प्रभुभोजन वल्हांडणावर. इथे भार आहे. आणि इथला पुरावा थोडा आहे. मिसरी नोंदीत निर्गम नाही. सहा लाख पुरुष आणि वर बायका-मुलं सिनायच्या रानात चाळीस वर्षं राहिल्याची खूण जमिनीत नाही. आहे ते असं: फारो मेर्नेप्ताहाच्या, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिळेत कनान देशातल्या एका लोकसमूहाचं नाव 'इस्राएल' म्हणून येतं. गंमत म्हणजे त्यात लिहिलंय की इस्राएल उजाड झालं, त्याचं बी उरलं नाही. मोशे, फिनहास, हफनी ही नावं मिसरी वळणाची आहेत आणि ती लेव्यांत, म्हणजे याजकांच्या वंशात, आढळतात, त्यावरून लहानसा गट मिसरातून आला आणि त्याची आठवण सगळ्या राष्ट्राची झाली, असं काही अभ्यासक मानतात. आपले पूर्वज गुलाम होते अशी कथा कोणतं राष्ट्र उगाच रचेल, असंही म्हणतात. हा युक्तिवाद मला आवडतो, पण तो पुरावा नव्हे. माझं मत: आकड्यांना धरून बसू नये, मूळ घटनेला सोडू नये. मिसरातून कोणीच कधी सुटलं नाही असं झालं, तर पहिल्या आज्ञेतला 'मी तुला काढले' हा देवाचा दाखला राहणार नाही.

आणि आपल्यासाठी हे नुसतं पुस्तकी नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ ख्रिस्ती वसाहत वसवली, तिचं नाव बेथेल. आपल्यातली कित्येक घराणी गावकुसाबाहेरून मंडळीत आली. त्यांनी निर्गम वाचला तेव्हा फारो कोण हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. तुझा मित्र 'पुराण' म्हणतो तेव्हा त्याला विचार, गुलामाची बाजू घेणारा आणि राजाला बुडवणारा देव कुठल्या दरबारी पुराणात आहे. पण हेही लक्षात ठेव की एखादी कथा आपल्याला उभं करते म्हणून ती घडली असं सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करायची नाही.

लूकच्या नावनिशीवर फार वेळ घालवत नाही. शास्त्राप्रमाणे येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला, आणि लूक तो जन्म रोमी सुभेदार क्विरीनिया याच्या नावनिशीशी जोडतो. पण हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला, आणि क्विरीनियाची माहीत असलेली नावनिशी इ.स. ६ मधली. नऊ-दहा वर्षांचं अंतर आहे. ते मिटवायला बरेच तोडगे सुचवले गेले, मला एकही पूर्ण पटलेला नाही. देहधारणाचा, म्हणजे देव मनुष्य झाल्याचा, सिद्धांत मात्र यावर अडत नाही. पौल त्यासाठी 'स्त्रीपासून जन्मलेला' एवढंच म्हणतो.

आदामाचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण पुढे विचारशील. तो यरीहोपेक्षा खूप जड आहे, कारण रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभं करतो. जन्मजात पापाचा जो सिद्धांत आपण शिकलो तो बराचसा पश्चिमेकडच्या मंडळीचा जुना शिक्षक ऑगस्टीन याच्या मांडणीचा आहे. पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्या आदामाचा दोष वारशाने येतो असं मानत नाहीत, मरण आणि बिघाड येतो असं मानतात. दोन्हीकडे ख्रिस्ती विश्वास शाबूत आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

मित्राचा आणखी एक बाण तुझ्या पत्रात होता: '३२५ साली निकयाच्या परिषदेत कॉन्स्टंटाईनने मतदान घेऊन येशूला देव केलं.' हे साफ चूक आहे. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकतो. इ.स. ११२ च्या सुमारास रोमी सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. निकयाला वाद होता तो पुत्र पित्याच्या बरोबरीचा की निर्माण केलेला, यावर. पवित्र शास्त्रातली पुस्तकंही तिथे ठरली नाहीत. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं जशीच्या तशी प्रथम अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासिय याच्या ३६७ सालच्या पत्रात दिसतात. सिद्धांताला त्याचा स्वतःचा इतिहास आहे, आणि हे मान्य करायला लाजायचं कारण नाही.

संडे स्कूलचं विचारलंस. लहान मुलांना यरीहोची गोष्ट गोष्ट म्हणूनच सांग, कर्णे वाजव, फेऱ्या मार, तिथे केन्यनबाईंना आणू नकोस. आठवी-नववीच्या पुढच्यांना मात्र दुसरे राजे १८-१९ आणि सन्हेरीबाचं म्हणणं दोन कागदांवर लिहून दे, आणि जुळतं काय, जुळत नाही काय, त्यांनाच शोधू दे. पुढच्या आठवड्यात यिर्मया ७ आणि २६. मग गल्लियो, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय. या क्रमाने गेलास तर इतिहास कुठे बोलतो आणि कुठे गप्प होतो, हे पोरांना आपोआप कळतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तांबड्या समुद्रातल्या रथाच्या चाकांचे आणि डोंगरावर सापडलेल्या नोहाच्या तारवाचे व्हिडिओ वर्गात दाखवू नकोस. त्यातलं काहीही खरं ठरलेलं नाही. पारसाचा राजा कोरेश याच्या मातीच्या नळकांड्यावर यरुशलेमेचं मंदिर बांधण्याचा हुकूम आहे, असंही उपदेशांत सांगतात. त्यावर यरुशलेम किंवा यहूदा यांचं नावच नाही. आधी बाबेलात आणून ठेवलेल्या देवमूर्ती आणि लोक कोरेशाने आपापल्या ठिकाणी परत धाडले, एवढं धोरण त्यात आहे, आणि एज्राच्या पुस्तकाशी ते जुळतं. तेवढंच सांग.